साडेतीन महिने उभी असलेली गाडी सुरू होत नाही. सेल्फची मोटर बदलावी का?

खळ्यातला

नमस्कार. आमची २०१५ सालची, पेट्रोलवर चालणारी आणि हाताने गिअर टाकण्याची छोटी गाडी गुहागर तालुक्यातील गावच्या घरी, पडवीला लागून केलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या मध्यापासून उभी आहे. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि पावसाळ्यात ती चालवणारे गावी कोणी नाही. चुलतभाऊ दर रविवारी गाडी जागेवरच सुरू करून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवत असे. परंतु जुलैच्या आरंभी लावणीची घाई लागली आणि तो परिपाठ मोडला. त्यानंतर सुमारे सात आठवडे गाडीला कोणी हात लावलेला नाही.

गणपतीसाठी काल गावी पोहोचलो आणि संध्याकाळी किल्ली फिरवून पाहिली. समोरचे दिवे लागले, काटेही हलले. पण किल्ली पुढे नेताच बॉनेटखालून टकटकटकटक असा अगदी जलद आवाज आला आणि त्याबरोबर दिवे मंद झाले. इंजिन तसूभरही फिरले नाही. शेजाऱ्यांच्या पिकअपच्या बॅटरीला जंपर केबल जोडून प्रयत्न केला, तेव्हा तो जलद आवाज थांबला आणि त्याऐवजी एकच जोरदार ‘टक’ ऐकू आले. पुढे काहीच नाही. असे सहा-सात वेळा केले.

आज सकाळी जवळच्या गावातील मेकॅनिक येऊन गेले. चांगल्या बॅटरीवरही इंजिन फिरत नाही, म्हणजे सेल्फची (इंजिन फिरवून सुरू करणारी) मोटरच गेली आहे, असे त्यांचे म्हणणे असून मोटर बदलण्यास सहा ते सात हजार रुपये खर्च सांगितला आहे. गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची व चार वर्षे जुनी आहे. मे महिन्यात पुण्याहून येताना सेल्फची कसलीही तक्रार नव्हती. नुसती उभी राहून मोटर बिघडू शकते का? आठ दिवसांनी आईला घेऊन कुंभार्ली घाटाने परतायचे आहे, म्हणून निर्णय लवकर घ्यावा लागेल.

तारजोड

मोटर बदलण्याची घाई कृपया करू नका. मी गेली बावीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचेच काम करतो. पावसाळा संपता संपता अशा गाड्या माझ्याकडे रांगेने येतात आणि त्यांतील बहुतेकींची मोटर शाबूत असते. उभी राहिलेल्या गाडीची मोटर कधीच बिघडत नाही असे मी म्हणणार नाही, कारण आतले कार्बन ब्रश गंजून अडकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. पण तो संशय शेवटी घ्यायचा असतो, आधी नव्हे.

तुम्ही आवाजाचे वर्णन नेमके केले आहे आणि त्यातच निम्मे उत्तर दडलेले आहे. किल्ली फिरवल्यावर प्रथम मोटरीवर बसवलेल्या सोलेनॉइडच्या गुंडाळीला करंट मिळतो, ती आतला दांडा ओढून घेते आणि त्या दांड्याने मोठे संपर्क जुळले की मोटरीला बॅटरीचा सगळा जोर मिळतो. बॅटरी उतरलेली असेल, तर गुंडाळीपुरता जोर तिच्यात असतो. मात्र संपर्क जुळून मोटर भार मागू लागली की व्होल्टेज कोसळते, गुंडाळी दांडा सोडून देते, भार सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येते आणि दांडा पुन्हा ओढला जातो. हे सेकंदात अनेक वेळा घडते. तीच तुमची टकटकटक. याचा अर्थ सोलेनॉइड काम करत आहे, किल्लीपासूनचा मार्ग ठीक आहे आणि जोर कमी पडतो आहे.

पिकअप जोडल्यावर आवाज एकच झाला, म्हणजे आता दांडा ओढून धरण्याइतका जोर पोहोचला, पण मोटर फिरण्याइतका नाही. हा जोर एकतर मोटरीच्या आत अडतो आहे किंवा मोटरीपर्यंत येण्याच्या वाटेवर. मेकॅनिकांनी पहिली शक्यता गृहीत धरली. मला दुसरी अधिक दाट वाटते, विशेषतः समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात पावसाळाभर गाडी उभी असताना.

म्हणून तीन गोष्टी कळवा. पहिली, गाडीचे सर्व दिवे बंद असताना, गाडी रात्रभर तशीच राहिल्यानंतर, मल्टिमीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावून किती व्होल्ट दिसतात. दुसरी, दोन्ही टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट क्षार धरला आहे का. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पिकअप जोडताना काळ्या केबलचा दुसरा चिमटा तुमच्या गाडीत नेमका कोठे लावला होता. साधा मल्टिमीटर तालुक्याच्या गावी विजेच्या सामानाच्या दुकानात चार-पाचशे रुपयांत मिळतो आणि मोटरीपेक्षा तो आधी विकत घ्यावा.

दुसरा गिअर

एवढा खटाटोप कशाला? चार माणसे मागे लावा, किल्ली चालू करून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून बसा आणि गाडीने वेग घेतला की क्लच सोडा. आमच्या वडिलांची जुनी गाडी दर पावसाळ्यानंतर अशीच सुरू होत असे. गणपतीत गावात माणसांची काय वाण!

मीटरवाचक

वर सुचवलेला धक्क्याचा उपाय कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांसाठी खरोखर उत्तम होता, कारण त्यांचा पेट्रोल पंप बहुधा इंजिनच चालवत असे आणि ठिणगीला थोडका करंट पुरत असे. २०१५ सालच्या गाडीत टाकीतला पंप विजेवर चालतो, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर विजेवर उघडतात आणि या सगळ्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकालाही ठरावीक व्होल्टेज लागते. बॅटरी अगदीच बसलेली असेल, तर माणसे दमतील आणि इंजिन फिरेल, पण पेटणार नाही. शिवाय न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापण्याचा धोका असतो. गिअर आपोआप पडणाऱ्या गाड्यांना तर धक्का मारून सुरू करणे बहुधा शक्यच नसते. आणखी एक अडचण तुमच्या प्रश्नातच दिसते. गाडी साडेतीन महिने एका जागी असताना मागची चाके मोकळी आहेत की नाहीत, हे अजून कोणीच पाहिलेले नाही.

मला बोलायचे आहे ते चुलतभावांच्या दहा मिनिटांविषयी, कारण हा समज फार पसरलेला आहे आणि २०२० च्या टाळेबंदीत आमच्या सोसायटीत त्यापायी कित्येक बॅटऱ्या बसल्या. हिशेब करून पाहू. बंद गाडीतही घड्याळ, सेंट्रल लॉक, इमोबिलायझर (खरी किल्ली ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) आणि संगणकाची स्मृती यांना थोडा करंट लागतोच. साध्या गाडीत तो १५ ते २० मिलिअँपिअर असतो, अधिक उपकरणे असलेल्या गाडीत ५० पर्यंत जातो. आपण १५ धरू. दिवसाला ०.३६ अँपिअर-तास, म्हणजे आठवड्याला सुमारे अडीच अँपिअर-तास गेले. सेल्फ मारायला दीडशे अँपिअर लागले तरी ते तीनच सेकंद लागतात, म्हणून त्याचा खर्च अवघा ०.१३ अँपिअर-तास होतो. लोक समजतात तसा तो मोठा नाही. आता जमेची बाजू पाहा. इंजिन मंद गतीवर असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटरही मंद फिरतो आणि त्यातून बॅटरीच्या वाट्याला १० अँपिअर आले असे उदारपणे मानले, तरी दहा मिनिटांत पावणेदोन अँपिअर-तासांपेक्षा कमीच भरतात. दर रविवारी जवळजवळ एका अँपिअर-तासाची तूट राहिली. मे ते जुलैच्या सात आठवड्यांत अशी सात अँपिअर-तासांची तूट साठली आणि पुढच्या सात आठवड्यांत काहीच न भरता साडेसतरा गेले. पस्तीसातून साडेचोवीस वजा जाता उरतात साडेदहा. त्यात चार वर्षांच्या बॅटरीची घटलेली क्षमता आणि उष्ण हवेत तिची आपोआप होणारी झीज धरली, तर मीटरवर १२ व्होल्टांच्याही खालचा आकडा दिसावा, असा माझा अंदाज आहे.

संदर्भासाठी सांगतो. विश्रांती घेतलेल्या बॅटरीत १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.९ च्या खाली ती रिकामी समजावी. आकडे जवळजवळ दिसतात, म्हणून बारा व्होल्ट आहेत म्हणजे बॅटरी ठीक आहे, असे म्हणणाऱ्यांची फसगत होते.

खळ्यातला

सर्वांचे आभार. मीटर आणला. सकाळी ११.७ व्होल्ट दिसले, म्हणजे मीटरवाचक यांचा हिशेब बरोबर आला. ऋण टोकाच्या टर्मिनलवर पांढरा, भुसभुशीत क्षार कांद्याच्या पातीसारख्या थरांनी चढला होता आणि क्लॅम्प हाताने हलवला तर हलत होता. धन टोक बरेच स्वच्छ आहे. काळ्या केबलचा चिमटा आम्ही आमच्या बॅटरीच्या ऋण टोकालाच, त्या क्षारावरच लावला होता. दुसरीकडे कोठे लावायचा असतो हे ठाऊक नव्हते.

तारजोड यांना विचारतो. बॅटरी काढून चार्जिंगला लावू का? आणि काढताना गाडीतील संगणकाला काही अपाय तर होणार नाही ना?

तारजोड

अवश्य लावा. किल्ली बंद करून, ती गाडीबाहेर ठेवून, आधी ऋण टोक सोडवा आणि मग धन. बसवताना याच्या उलट, धन आधी आणि ऋण शेवटी. कारण सोपे आहे. गाडीचा सारा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो, म्हणून धन टोक आधी सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट होतो आणि पाना लाल होईपर्यंत तापतो. ऋण आधी सुटलेले असेल तर पाना कोठेही टेकला तरी काही होत नाही. संगणकाला अपाय होत नाही. घड्याळ शून्यावर जाईल आणि काही गाड्यांत रेडिओ सांकेतिक क्रमांक मागतो, एवढेच. तो क्रमांक पुस्तिकेत आहे का ते आधी पाहून ठेवा.

क्षार कोरडा खरवडू नका, तो डोळ्यांत जातो. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ते हळूहळू ओता. फेस येऊन क्षार विरघळेल. बॅटरीच्या झाकणांच्या भोकांत ते पाणी जाऊ देऊ नका. नंतर क्लॅम्पची आतली बाजू आणि बॅटरीचे शिशाचे टोक पॉलिश पेपरने चकचकीत दिसेपर्यंत घासा. पेट्रोलियम जेली लावायची ती क्लॅम्प घट्ट आवळून झाल्यावर, वरून.

चार्जर साडेतीन अँपिअरवर, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यावर ठेवा आणि रात्रभर लावा. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर आत डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहा. खोली हवेशीर असावी आणि जवळ देवघरातील समई किंवा उदबत्ती नसावी, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. जंपरचा शेवटचा काळा चिमटा बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या धातूवर लावा असे सांगतात, तेही याचसाठी. शेवटच्या जोडणीला उडणारी ठिणगी बॅटरीपासून दूर राहते. तुमच्या बाबतीत त्या नियमाचा आणखी एक उपयोग झाला असता, पण ते चार्जिंग झाल्यावर सांगतो.

खळ्यातला

काल रात्री दहापासून आज सकाळी सातपर्यंत चार्जर लावला होता. काढून चार तास ठेवल्यावर १२.६ व्होल्ट दिसले. टर्मिनल घासून, घट्ट बसवून मोठ्या आशेने किल्ली फिरवली आणि पुन्हा तेच, एकच ‘टक’. दिवे मात्र आता मंद होत नाहीत. अशा वेळी मोटर गेली असे न मानण्याचे काय कारण उरते? मेकॅनिक उद्या मोटर घेऊन येण्यास तयार आहेत.

तारजोड

‘दिवे मंद होत नाहीत’ हे तुमचे वाक्य मोलाचे आहे. निरोगी मोटर फिरताना शंभर-दीडशे अँपिअर ओढते आणि दिवे थोडे तरी दबतातच. दिवे दबले नाहीत म्हणजे पुरेसा करंट वाहिलाच नाही. मोटर जाम झालेली असती, तर तिने उलट जास्त करंट ओढला असता आणि दिवे पार विझू लागले असते. म्हणजे मार्ग तुटक आहे. धन बाजूची जाड वायर सरळ मोटरीपर्यंत जाते आणि तिचे टोक स्वच्छ आहे असे तुम्ही म्हणता. उरते ती ऋण बाजू, आणि तीच लोक विसरतात. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक वायर गाडीच्या पत्र्याला जाते आणि एक गिअरबॉक्सला किंवा इंजिनाला; काही गाड्यांत पत्रा व इंजिन यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची चपटी पट्टी असते. इंजिन रबराच्या तुकड्यांवर बसवलेले असल्यामुळे मोटरीचा परतीचा मार्ग हाच काय तो असतो. दिवे पत्र्यावरून परततात, म्हणून ते झकास लागतात आणि माणूस फसतो.

पुढील परीक्षा करा. गिअर न्यूट्रलमध्ये, चाकांखाली दगड. मीटर २० व्होल्टांच्या डीसी पट्ट्यावर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरे इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूवर, एखाद्या बोल्टच्या माथ्यावर, दाबून धरा. दुसऱ्या माणसाला तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा. मार्ग निर्दोष असेल तर मीटर पाव व्होल्टाच्या आसपास राहील. अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला तर दोष तेथेच आहे.

आकडा मोठा आला, तर मोटरीला हात न लावता जंपरची काळी केबल घ्या. एक चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरा इंजिनाला उचलण्यासाठी असलेल्या लोखंडी कडीला लावा. ही तात्पुरती अर्थिंग झाली. आता सेल्फ मारा. परवा पिकअप जोडताना काळा चिमटा तुम्ही इंजिनावर लावला असता, तर खराब पट्टी आपोआप ओलांडली गेली असती आणि इंजिन त्याच वेळी फिरले असते, असा माझा कयास आहे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या.

मीटरवाचक

एक पुरवणी. इंजिन फिरले आणि पेटले नाही, तर गोंधळून जाऊ नका. तो निराळा प्रश्न असेल. किल्ली ‘ऑन’वर नेल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू यायला हवी. तो टाकीतला पंप. इतक्या दिवसांत नळीतला दाब उतरलेला असतो, म्हणून सेल्फ मारण्यापूर्वी किल्ली तीन-चार वेळा ऑन करून, घरघर संपू देऊन, बंद करावी. घरघर आलीच नाही तर पंपाचा फ्यूज व रिले पाहावे. किल्लीचे चित्र असलेला दिवा लुकलुकत राहिला तर इमोबिलायझरला किल्लीतील चिप ओळखता आलेली नाही. तेव्हा दुसरी किल्ली वापरून पाहावी. आणि सर्वांच्या आधी एअर फिल्टरचे झाकण उघडावे. पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या गाडीचा फिल्टर हे उंदरांचे आवडते बाळंतघर आहे.

टाकीतील पेट्रोलची चिंता लोक गरजेपेक्षा अधिक करतात. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि पाणी फार झाले तर ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते हे खरे; मात्र बंद टाकीत साडेतीन महिने राहिलेल्या पेट्रोलवर गाडी सहसा सुरू होते. सुरू झाल्यावर ताजे पेट्रोल भरून घ्यावे.

खळ्यातला

मीटरवर ५.४ व्होल्ट! दोनदा पाहिले, कारण प्रथम माझाच विश्वास बसला नाही. बॅटरीच्या टोकांवर त्याच वेळी १२.१ होते, म्हणजे जवळजवळ निम्मा जोर त्या परतीच्या वाटेवरच खर्च होत होता.

एअर फिल्टरमध्ये उंदीर नव्हता, पण सुपारीची सोललेली साल, गोणपाटाचे धागे आणि आमच्या गणपतीच्या मखराला गेल्या वर्षी लावलेल्या जरीच्या कागदाचे तुकडे निघाले. फिल्टर झटकून बसवला. पुण्यात नवा घालीन. वायर कुरतडलेली कोठे दिसली नाही.

नंतर काळी केबल सांगितल्याप्रमाणे लावली, किल्ली चार वेळा ऑन-ऑफ केली, पंपाची घरघर ऐकली आणि सेल्फ मारला. इंजिन असे काही फिरले की चुलतभाऊ दचकून मागे सरला. पहिल्या दोन वेळा पेटले नाही, तिसऱ्या वेळी खोकत खोकत पेटले आणि अर्ध्या मिनिटात आवाज नेहमीसारखा झाला. मग टॉर्च घेऊन बॅटरीच्या खाली पाहिले. गिअरबॉक्सकडे जाणारी ऋण वायर टोकाला, बोल्टखाली, हिरवी पडून पार कुजली आहे. बोट लावले तर तारांचे बरेचसे पदर भुगा होऊन हातात आले. वरून तिचे काळे आवरण मात्र नव्यासारखे दिसते.

आनंद फार वेळ टिकला नाही. गाडी सुरू आहे, पण जागची हलत नाही. हँडब्रेक सोडला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडू लागलो की मागचा भाग खाली बसतो आणि इंजिन बंद पडते. मे महिन्यात मी हँडब्रेक पूर्ण ओढून गेलो होतो, हे आता आठवते आहे.

माहेरवाट

हे माझ्या बाबतीत अगदी असेच दोनदा घडले आहे, म्हणून लिहिते. ओल्या हवेत मागच्या चाकांतील ब्रेकच्या ड्रमच्या आतला पृष्ठभाग गंजतो आणि ब्रेकचे लायनर त्या गंजाला चिकटून बसतात. हँडब्रेकची केबल सुटली तरी ते सुटत नाहीत. इंजिनाचा जोर लावून ओरबाडू नका. लायनर पट्टीवरून उखडून आत अडकला तर काम वाढेल. प्रथम रिव्हर्स आणि पहिला गिअर आलटून-पालटून, अगदी हलक्या क्लचवर, गाडी इंचभर पुढे-मागे झुलवण्याचा प्रयत्न करा. ‘कट्’ असा आवाज येऊन बहुतेक वेळा चाक सुटते.

न सुटल्यास सपाट जमिनीवर, पुढच्या चाकांना दगड लावून आणि गिअर टाकून, मागचे एक चाक जॅकवर घ्या व काढा. ड्रमच्या बाहेरच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर हातोडीने गोल फिरत ठोका. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या ड्रमला दोन आटेदार भोके असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट सारखे-सारखे आवळत नेले की ड्रम बाहेर सरकतो. आत तेल किंवा गंज सोडवणारा फवारा मारण्याचा मोह आवरा. लायनरला तेल लागले तर तो ब्रेक कुंभार्लीच्या उतारावर तुमच्या कामाचा राहणार नाही. आतला गंज पॉलिश पेपरने घासून, धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या; फुंकू नका.

पुढच्या वेळी गाडी ठेवताना हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये टाकून, चाकांना चिरे लावून ठेवा. आणि बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवा. एका पान्याचे काम आहे आणि वर मांडलेला पंधरा मिलिअँपिअरचा सगळा हिशेबच मिटतो.

दुसरा गिअर

धक्क्याची सूचना मी मागे घेतो. ब्रेक चिकटलेल्या गाडीला चार माणसांनी धक्का मारला असता, तर आज त्या चौघांच्या कमरेचा धागा येथे वाचायला मिळाला असता.

तारजोड

अर्थिंगची वायर बदलताना दोन गोष्टी पाहा. नवी वायर जुनीइतकी किंवा तिच्याहून जाड असावी आणि तिच्या टोकाचा थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबयंत्राने दाबलेला असावा, नुसता पक्कडीने चेपलेला नको. ज्या बोल्टखाली ती बसते, तेथील धातू घासून पांढरा करून घ्या. नाहीतर नवी वायर जुन्या गंजावर बसेल आणि पुढच्या श्रावणात आपली येथेच पुन्हा भेट होईल. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट येतात का तेही मोजा, कारण इतकी खाली उतरलेली बॅटरी घाटात भरवशाची आहे की नाही, हे अल्टरनेटरवरही अवलंबून आहे. शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे एकदा घट्ट बसले की बॅटरीची सगळी क्षमता परत येत नाही. चार्ज करून दोन दिवस ठेवल्यावर ती १२.४ च्या खाली गेली, तर मात्र नवी घ्या. तो खर्च वाया जाणार नाही.

खळ्यातला

डावे चाक झुलवताना सुटले. उजवे ऐकेना, ते काढावे लागले. ड्रमला खरोखरच दोन भोके होती आणि आतून वाटीभर तांबडी पूड निघाली. दोन्ही ड्रम घासून ब्रेक गावातल्या चढ-उतारावर चार वेळा आजमावून पाहिले. चाकांतील हवा अठराच्या आसपास उतरली होती, ती भरली. पीयूसीची मुदतही जुलैतच संपली होती; तेही करून घेतले.

बॅटरी दोन दिवसांनंतर १२.५ दाखवते आहे आणि इंजिन चालू असताना १४.२. मीटरची तीच पिना पुन्हा ऋण खुंटावर आणि इंजिनावर धरून सेल्फ मारला, तेव्हा आकडा ०.१८ आला.

वायर बसवण्यासाठी त्याच मेकॅनिकांना बोलावले होते. त्यांनी कुजलेले टोक बराच वेळ हातात फिरवून पाहिले, नवी वायर नीट दाबून, घासून बसवून दिली आणि वायर व मजुरी मिळून साडेतीनशे रुपये घेतले. जाताना तो जुना तुकडा गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून ते मागून घेऊन गेले.